हेर परत येऊन काय सांगतो

तुझा मेसेज आला तेव्हा मी गंगावेशीत दुधासाठी उभा होतो, तिथंच वाचला, पण उत्तर लगेच दिलं नाही कारण आधी तू पाठवलेली नऊ प्रकरणं वाचायला पाहिजे होती. आता वाचून झालीत. तुझं म्हणणं असं, की पन्हाळ्याच्या १६६० च्या वेढ्यावर कादंबरी लिहितोयस, नायक हेर आहे, मित्र म्हणतात वेशांतराचे सीन एक नंबर, पण चार प्रकरणांनंतर कुणी पुढं वाचत नाही, तर साहित्यात हेरगिरी लोक नेमकी वापरतात कशी ते सर सांगा. सांगतो. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, जरा संस्कृत वाचलं, पोरांना घेऊन हौशी नाटकं बसवली, त्यात जे हाताला लागलं तेवढंच सांगणार.

एकदम मुद्द्यावर येतो. तुझा हेर नऊ प्रकरणांत सहा वेळा वेश बदलतो. फकीर होतो, वैदू होतो, घिसाडी होतो, सातव्या प्रकरणात तर वासुदेव होतो. सिद्दी जौहरच्या छावणीत जातो, तंबू मोजतो, तोफा मोजतो, एकदा सापडता सापडता सुटतो. सगळं झकास. पण मर्दा, तो परत येऊन कुणाला काही सांगतच नाही की! प्रकरण संपतं आणि पुढच्या प्रकरणात महाराजांना सगळं आधीच माहीत असतं. बातमी गडावर पोचली कधी, कुणी सांगितली, कुठल्या शब्दांत सांगितली, ऐकणाऱ्याचं तोंड कसं झालं, ह्यातलं एक अक्षर नाही. आणि हेराच्या गोष्टीतली खरी गोष्ट तिथंच असते. चोरून बघणारे काय, आमच्या मंगळवार पेठेत खिडकीगणिक एक आहे. हेर तो, जो बघून आल्यावर कुणापुढं तरी उभा राहतो आणि तोंड उघडतो.

वेशाचं काय असतं ते सांगतो. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेशात. ढगळी खाकी चड्डी, पत्र्याचा बिल्ला, काखेत जाडजूड वही. तो पोलीस नाही हे शेंबड्या पोराला पण कळायचं. एकदा आला आणि आजीला म्हणाला, म्हातारे, तुझ्या धाकट्यानं तालमीतनं गुळाची ढेप पळवलीय, रात्रीपासनं घरात नाही, वॉरंट आहे माझ्याकडं. आजी आधी हसली, आणि मग एकदम तिचं तोंड उतरलं, कारण माझा काका खरोखरच आदल्या रात्री भांडून घरातनं गेलेला होता. बहुरूप्यानं हे कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडनं काढून आणलेलं. म्हणजे बघ, वेशाला कुणी फसलं नव्हतं, आजी हादरली ती त्याच्या माहितीनं. आणि ती माहिती पण त्यानं कशी सांगितली, तर गुळाच्या ढेपेत गुंडाळून! आज पन्नासेक वर्षं झाली, त्याची चड्डी खाकी होती एवढंच आठवतं, पण आजीचं तोंड स्वच्छ आठवतं.

हीच गोष्ट मला शिकवली मुद्राराक्षसानं, आणि ती पण माती खाऊन शिकलो. विशाखदत्ताचं सात अंकी संस्कृत नाटक आहे. नंदांचा अमात्य राक्षस, त्याला न मारता चंद्रगुप्ताच्या बाजूला वळवायचा हा चाणक्याचा डाव, स्टेजवर लढाई म्हणशील तर एक नाही, सगळं नाटक हेरांवर चालतं. पहिल्या अंकात निपुणक नावाचा चाणक्याचा हेर यमपट घेऊन फिरतो. यमपट म्हणजे यमाची चित्रं काढलेला पट, आपल्याकडं पिंगुळीचे चित्रकथीवाले चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ना, त्याच घराण्यातला प्रकार. असा तो चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरात शिरतो, पट पसरून गायला लागतो, तेवढ्यात आतनं पाचेक वर्षांचं पोरगं चित्रं बघायला बाहेर धावतं. आत बायकांचा एकच गलका, गेला बाहेर गेला बाहेर म्हणून, आणि एक बाई दारातनं अर्धवट तोंड काढून पोराला दटावत आत ओढते. त्या ओढाताणीत तिच्या बोटातली अंगठी निसटते. का निसटते? तर ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची असते म्हणून. ती घरंगळत येते आणि निपुणकाच्या पायाशी थबकते, घरातली सून वाकून नमस्कार करताना थबकते ना तशी. अंगठीवर नाव राक्षसाचं. म्हणजे राक्षसाची बायकापोरं कुठं लपलीत ते पण कळलं आणि त्याची मुद्रा पण हातात आली, आणि नाटकाच्या नावातली मुद्रा ती हीच.

आता गंमत बघ, एवढा सोन्यासारखा सीन विशाखदत्त स्टेजवर दाखवतच नाही. निपुणक येऊन चाणक्याला सांगतो, संपलं. आम्ही हा अंक बसवला तेव्हा मला वाटलं आपण लई शहाणे, हे दाखवायलाच पाहिजे, मग फ्लॅशबॅक केला, पितळेची अंगठी आणली, आमच्या मेकअपवाल्याचं पोरगं घेतलं. पहिल्याच प्रयोगात अंगठी जी घरंगळली ती सरळ स्टेजच्या फळ्यांच्या फटीत, आणि निपुणक झालेला पोरगा गुडघ्यावर बसून फटीत बोट घालतोय, पब्लिक पोट धरून हसतंय. पुढच्या प्रयोगाला तो सीन काढून टाकला आणि मुळात होतं तसं केलं. निपुणक उभा, चाणक्य बसलेला. निपुणकाला सांगितलं, अंगठी लगेच काढायची नाही, आधी पोरगं सांग, मग गलका सांग, मग बाईचा हात सांग. चाणक्याला सांगितलं, पुरुषाच्या मापाची हे शब्द येईपर्यंत मान वर करायची नाही. अख्खा हॉल चिडीचूप. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की दाखवलं की पब्लिक अंगठीकडं बघतं, सांगितलं की चाणक्याकडं बघतं.

आणि त्याच प्रवेशात अजून एक जागा आहे, ती वरवर वाचणाऱ्याला कळत नाही. निपुणक सांगतो, पाटलीपुत्रात राक्षसाला मिळालेली तीन माणसं आहेत, त्यातला पहिला जीवसिद्धी नावाचा क्षपणक, म्हणजे जैन साधू. हे ऐकून चाणक्य मनातल्या मनात म्हणतो, हा तर आपलाच माणूस! म्हणजे चाणक्याचा एक हेर चाणक्याच्याच दुसऱ्या हेराविरुद्ध इमानदारीत रिपोर्ट देतोय आणि चाणक्य तोंडावरची रेघ हलू देत नाही. हे काय विशाखदत्तानं हवेतनं काढलेलं नाही, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तसा नियमच आहे, एका ठिकाणच्या हेरांनी दुसऱ्या ठिकाणचे हेर ओळखता कामा नयेत, आणि तीन जणांचं सांगणं एकसारखं जुळलं तरच बातमी खरी धरायची. अर्थशास्त्र वाच, ते राज्यशास्त्राचं पुस्तक आहे म्हणून घाबरू नको, कथालेखकाला त्याच्यासारखं खाद्य नाही. म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती पोथी आली आणि १९०९ मध्ये छापून निघाली, तोपर्यंत लोकांना नुसतं नाव माहीत होतं. आपल्याकडं मुंबई विद्यापीठानं काढलेली कंगल्यांची आवृत्ती आहे. त्यात हेरांचे प्रकार दिलेत, एका जागी बसणारे वेगळे आणि हिंडणारे वेगळे, त्यातला गृहपतिक म्हणजे कोण, तर शेती बुडालेला शेतकरी. वैदेहक म्हणजे धंदा बसलेला व्यापारी. बघ की, दोन शब्दांत अख्खं कॅरॅक्टर दिलंय, ह्याला पैसा पाहिजे, पत परत पाहिजे, आणि गावात हा बसला तर कुणी विचारणार नाही का बसलास. तापसाच्या वेशातल्या हेराला काय सांगितलंय, तर चारचौघांत महिना-दोन महिन्यांनी मूठभर भाजी किंवा मूठभर जव खायचे, आणि गुपचूप पाहिजे ते हाण म्हणे. तुझ्या फकिराला भूक लागत नाही, तहान लागत नाही, तो नुसता तंबू मोजतो.

तो आपलाच माणूस आपल्याच माणसाला ओळखत नाही हा प्रकार किमान हजार वर्षांनी इंग्रजीत परत येतो. जॉन ल कारे, स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी केलेला माणूस, त्याची १९६३ ची जी गाजलेली कादंबरी आहे, थंडीतनं परत आलेल्या हेराची, तिच्यात लीमस नावाचा एजंट पूर्व जर्मनीत जातो एका शत्रूला संपवायला, आणि शेवटी त्याला कळतं की ज्याला संपवायचा म्हणून आपण आलो तोच आपल्या खात्याचा माणूस आहे, आणि आपल्याला पाठवलं ते त्याला वाचवायला. फरक एवढाच की विशाखदत्त आपल्याला चाणक्याच्या शेजारी बसवतो म्हणून मजा वाटते, आणि ल कारे आपल्याला निपुणकाच्या जागी बसवतो म्हणून पोटात गोळा येतो. तू ठरव तुझा वाचक कुणाशेजारी बसणार. सध्या तो कुणाशेजारीच नाही, लांबनं झाडावर बसून बघतोय.

दुसऱ्या अंकाबद्दल पण सांगतो आणि मुद्राराक्षस सोडतो, नाहीतर मी रात्रभर बोलेन. तिथं राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुडी होऊन येतो आणि राक्षस आधी म्हणतो, मला साप बघायची हौस नाही, पैसे देऊन वाटेला लावा! मग ओळख पटते, आणि विराधगुप्त एकेक बातमी सांगायला लागतो. चंद्रगुप्ताला मारायला राक्षसानं जे जे रचलं ते सगळं कसं उलटलं त्याची यादीच. एकेका कटाचं नाव निघालं की राक्षस आशेनं विचारतो, मग? मेला का? आणि उत्तर येतं, नाही. त्यातला एक कट बघ, राजाच्या शेजघराच्या भिंतीत मारेकरी लपवलेले. चाणक्य आत आला, त्याला भिंतीच्या फटीतनं मुंग्यांची रांग बाहेर येताना दिसली, तोंडात भाताची शितं. शितं आहेत म्हणजे आत जेवणारे आहेत, झालं, घर पेटवून दिलं. हे आपल्याला राक्षसाच्या कानानं ऐकायला मिळतं, म्हणजे जिंकणाऱ्याची हुशारी हरणाऱ्याच्या दिवाणखान्यात. मुंग्यांचा सीन चाणक्याकडनं दाखवला असता तर टाळी पडली असती. राक्षसाला ऐकवल्यामुळं तो माणूस आपल्याला आवडायला लागतो.

ऐकणारा हा शब्द पकडून ठेव, आता भवभूतीकडं चल. त्याच्या उत्तररामचरित नाटकाचा पहिला अंक. रामायणाची चित्रं बघून थकलेली गरोदर सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली. राम तिच्याकडं बघत श्लोक म्हणतो, ही घरातली लक्ष्मी, ही डोळ्यांतली अमृताची शलाका, हिचं काय म्हणून प्रिय नाही, असह्य काही असेल तर तो विरह. आणि विरह हा शब्द तोंडातनं पडतो तेवढ्यात दारावरची प्रतिहारी आत येऊन म्हणते, देवा, आला! राम दचकतो, कोण? तर दुर्मुख, रामानं लोकांचं मत काढायला नेमलेला हेर. मी सांगतो, अख्ख्या संस्कृत नाटकात ह्याच्यासारखी एंट्री नाही. दुर्मुख आत येतो तोच मनाशी म्हणत, की असलं मी बोलू कसं, पण माझं नशीबच फुटकं, कामच हे. आधी तो गोड गोड सांगतो, लोक तुमचं कौतुक करतात, दशरथ महाराजांना विसरायला लावलंत म्हणतात. त्यावर राम म्हणतो, ही झाली स्तुती, दोष सांग काहीतरी, म्हणजे त्याच्यावर उपाय करता येईल. लक्षात येतंय का? त्यानं मागितलं म्हणून सांगितलं. मग दुर्मुख कानात सांगतो. भवभूती ते शब्द प्रेक्षकाला ऐकू पण देत नाही, काय सांगितलं ते सगळ्यांना माहीतच आहे, आपल्याला दिसतो फक्त राम, आणि त्याच्या हातावर झोपलेली ती. शत्रूच्या गोटात नाही, वेश नाही, तलवार नाही, आपल्याच गावातली गप्पा ऐकून आलेला एक साधा नोकर, आणि त्याच्या एका वाक्यानं सगळं घर मोडतं.

वाईट बातमी सांगणाऱ्याची ही पंचाईत भारवीनं तर किरातार्जुनीयाच्या सुरवातीलाच घातलीय. वनवासातल्या युधिष्ठिरानं दुर्योधनाचा कारभार बघायला एक वनेचर, म्हणजे रानात राहणारा माणूस, पाठवलेला असतो, ब्रह्मचाऱ्याच्या वेशात, तो द्वैतवनात परत येतो तिथं महाकाव्य सुरू होतं. बघ, परत येतो तिथं! हस्तिनापुरात तो कसा शिरला, कुठं लपला, भारवीला त्याचं काही पडलेलं नाही. आणि बातमी काय, तर दुर्योधन वाईट राज्य करतोय अशी नाही, चांगलं राज्य करतोय अशी! कपटानं मिळवलेलं राज्य तो आता नीतीनं टिकवतोय. ही बातमी धर्मराजाला सांगायची म्हणजे जिभेवर निखारा. म्हणून तो आधी म्हणतो, राजे हेरांच्या डोळ्यांनी बघतात, त्यांना नोकरांनी फसवू नये, तेव्हा बरंवाईट जे बोलेन त्याची क्षमा करा, कारण हितं मनोहारि च दुर्लभं वचः, हिताचं असून गोड लागणारं बोलणं दुर्मिळ. ही ओळ शाळेच्या भिंतीवर असते, सत्कार समारंभात पाहुणे ठोकून देतात, आणि हे एका हेराचं वाक्य आहे, त्यानं जीव मुठीत धरून म्हटलंय, हे शंभरातल्या दोघांना पण माहीत नसतं. जाता जाता, ह्या भारवीचं नाव ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात कालिदासाच्या बरोबरीनं कोरलंय, पहाटे कोल्हापुरातनं निघालास तर दिवसात बघून येशील, जा एकदा.

मराठीत एक घोळ आहे तो पण सांगून टाकतो, तुझ्या कादंबरीत तो शिरलाय. आपण गुप्तहेर हा एकच शब्द दोघांना वापरतो, शत्रूच्या गोटात शिरणाऱ्याला पण आणि खुनाचा तपास करणाऱ्याला पण. माझ्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्यानं आणून पुस्तकात पुस्तक घालून वाचल्या, तिथनं तो घोळ डोक्यात बसला. पण दोघांचा धंदा उलटा आहे. तपास करणारा येतो ते सगळं घडून गेल्यावर, झालेलं काय ते शोधतो, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत गोळा करून मोठ्यानं सांगतो. हेर येतो घडायच्या आधी, आणि जे सांगायचं ते एकाच्याच कानात सांगतो. त्यामुळं रहस्यकथेत शेवटी सगळ्यांचं समाधान होतं आणि हेराच्या गोष्टीत एकट्याच्या डोक्याला भुंगा लागतो. तू दर प्रकरणाच्या शेवटी रहस्यकथेसारखा धक्का देतोस आणि नंतर काही उरत नाही, त्याचं कारण हे.

आता थोडी वेगळी गोष्ट. कच. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात, खाडिलकरांच्या विद्याहरणात लोकांच्या लक्षात राहतं ते शुक्राचार्यांचं मद्यपान, आणि आपल्या कोल्हापुरात राहून खांडेकरांनी १९५९ साली ययाति दिली, त्यात कच जवळपास ऋषीच होतो. पण महाभारतातली मूळ गोष्ट वाच, ती सरळ सरळ हेराची गोष्ट आहे. देवांनी त्याला दैत्यांच्या गुरूकडं पाठवलं संजीवनी विद्या काढून आणायला. त्यानं नाव लपवलं नाही, बाप लपवला नाही, मी बृहस्पतीचा मुलगा म्हणून सांगितलं, लपवला फक्त हेतू. दैत्यांनी ओळखला, मारला, परत मारला, तिसऱ्यांदा जाळून राख दारूत घालून गुरूलाच पाजली, आणि विद्या मिळाली ती गुरूच्या पोटात बसून. ह्याच्यापेक्षा आत शिरलेला हेर कुठल्या भाषेत आहे सांग मला! मग देवयानी लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातनं आलो म्हणजे तुझा भाऊ. ती शाप देते, तुला ही विद्या फळणार नाही. आणि कच म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. ह्या वाक्यावर मी वर्गात दरवर्षी थांबायचो. ज्यासाठी तीनदा मेला ते त्याला स्वतःला वापरता येत नाही, त्यानं फक्त जाऊन सांगायचं, वापरणार दुसरे. माझ्या मते हेराची व्याख्या करायची तर ह्याच्यापुढं जायची गरज नाही.

खोटं सांगणारा हेर पण असतो, तो विसरू नको, तुझ्या कादंबरीत एक तरी घाल. ग्रॅहॅम ग्रीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यात होता, आणि तिथं त्याचा साहेब होता किम फिल्बी, जो आतनं रशियाचा निघाला आणि १९६३ मध्ये पळून गेला, किम हे टोपणनाव पण किपलिंगच्या हेर पोरावरनंच पडलेलं. तर ग्रीनची १९५८ ची कादंबरी आहे हवानातल्या व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्या माणसाची. पोरीच्या खर्चाला पैसा पाहिजे म्हणून तो हेर होतो, पण बातम्या आणायच्या कुठनं, मग मनानं एजंट तयार करतो, त्यांचे पगार उचलतो, आणि डोंगरातलं गुप्त शस्त्र म्हणून व्हॅक्यूम क्लीनरच्या भागांची चित्रं मोठी करून लंडनला पाठवतो. लंडन खूश! इथपर्यंत हसून पुरेवाट होते, आणि मग त्यानं मनानं रचलेल्या माणसाच्या नावाचा खरा माणूस मरतो. हसू घशात अडकतं.

आपल्याकडं हाच खेळ हेर हा शब्द न वापरता तेंडुलकरांनी केलाय. शांतता कोर्ट चालू आहे मधला सामंत आठवतो का? साधा, भोळा, खेळातल्या कोर्टात आरोपी बेणारेबाईंविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केलेला. बेणारे दामल्यांच्या खोलीत होत्या, मी दाराबाहेरनं ऐकलं, असं तो जे सांगतो ते हातातल्या एका सवंग कादंबरीतनं उचलून सांगतो, सगळ्यांना माहीत असतं हे खोटं, खेळ आहे. पण सांगितलं गेलं ना, आता ते मागं घेता येत नाही, आणि हळूहळू त्याच खोट्याच्या मापाचं खरं बाहेर पडतं. दाराला कान लावणाऱ्यापेक्षा न लावता सांगणारा जास्त नुकसान करतो. मी एका कॉलेजात होतो तिथं स्टाफरूममधलं बोलणं वरती पोचवणारा एक सहकारी होता, नाव नको, तो कधी खोटं बोलायचा नाही. फक्त क्रम बदलायचा. मी आधी चिडलो आणि मग हसलो, तर तो सांगायचा आधी हसले आणि मग चिडले. दोन्ही खरं, पण अर्थ बघ कुठल्या कुठं गेला. तुझ्या कादंबरीत सिद्दीच्या बाजूचा पण एखादा असा क्रम बदलणारा बातमीदार असू दे की.

हॅम्लेटमधला पडद्याआड मरणारा म्हातारा पोलोनियस, आगरकरांनी विकारविलसितमध्ये मराठीत आणला तो, त्याच्याबद्दल एवढंच म्हणतो की त्यानं ऐकलं पण सांगायला उरला नाही. असा एक पण कुठंतरी घालता येईल, ज्याच्याबरोबर बातमी गेली.

आता परत पन्हाळ्यावर. तू म्हणशील सर हे सगळं संस्कृत नि इंग्रजी झालं, मी शिवकाळ लिहितोय. तर बहिर्जी नाईकांचंच बघ. सभासदाची बखर १६९७ ची, तिच्यात बहिर्जी जाधव जासूद येतो तो सुरतेहून बातमी घेऊन, की सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल. झालं. एका ओळीत माणूस येतो, सांगतो, जातो, आणि १६६४ ची सुरत घडते. बाकी फकीर, ज्योतिषी, गोंधळी हे सगळे वेश आपण नंतर त्याच्या अंगावर चढवलेत, कथाकारांनी, पोवाडेवाल्यांनी, मी पण स्नेहसंमेलनात चढवलेत, त्याला माझी ना नाही. पण जुन्या माणसानं लिहून ठेवावंसं काय वाटलं, तर त्यानं आणलेलं वाक्य.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली चार प्रकरणं एकात घाल. तुझा हेर छावणीतनं निघाला इथं प्रकरण तोड, आणि पुढचं प्रकरण गडावर उघड. आषाढाचा पाऊस, धुकं, दहा हातांवरचं दिसत नाही, ओली घोंगडी, वेढा चार महिने चाललाय आणि पावसात ढिला पडेल ही सगळ्यांची आशा. आणि हा येऊन उभा राहतो ती आशा मोडणारी बातमी घेऊन, की पाऊस लागला तरी सिद्दी हलत नाही, त्यानं छपरं घातलीत. कुणाला सांगतो? महाराजांना थेट नको, आधी एखाद्या किल्लेदाराच्या हाताखालच्या माणसाला, जो म्हणेल हे आत्ता नको सांगूस. मग तो सांगतो का? कुठल्या शब्दानं सुरवात करतो? त्यानं छावणीत एखाद्या सैनिकाच्या ताटात जेवलेलं असेल तर ते सांगतो का गाळतो? करपल्लवीनं दुरून काही कळवायचं असेल तर ते पण घाल, बोटांची भाषा वाचायला मजा येते, पण एकदाच. आणि महाराजांच्या वेशात शत्रूकडं गेलेल्या शिवा काशीदांचा प्रसंग लिहिशील तेव्हा ध्यानात ठेव की तो हेर नव्हे, त्याला परत येऊन काही सांगायचं नव्हतं, तिथं वेश हाच सगळा प्रसंग आहे, म्हणून तर बाकीचे वेश आधी कमी कर, नाहीतर तो एक वेश सातवा म्हणून मोजला जाईल.

वासुदेवाचं प्रकरण मात्र काढूनच टाक लेका. भर आषाढात पन्हाळ्याच्या पायथ्याला मोरपिसाची टोपी घालून हिंडणारा माणूस पहिल्याच चौकीवर धरतील. शेती बुडालेला एखादा बोरपाडळ्याकडचा शेतकरी कर त्याला, बैल विकायला छावणीत आलेला. नवीन दोन प्रकरणं झाली की प्रिंट काढून आण, मोबाईलवर वाचून माझे डोळे गेले. रविवारी सकाळी घरीच असतो, मिसळ तू आणायची.